सहा भागांत सुटणारा प्लास्टिकचा हात: नसा, शिरा, धमन्या किती खऱ्या?

मराठीत ‘नस’ हा एकच शब्द तीन कामं करतो. ‘मानेतली नस दबली’ म्हणतो तेव्हा ती नर्व्ह, म्हणजे चेतातंतू, असते. ‘सलाइनला नसच सापडेना’ म्हणतो तेव्हा ती शीर असते. ‘नस कापली’ म्हणतो तेव्हा मनात धमनीची भीती असते. नर्सिंग, फिजिओथेरपी किंवा एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला येणारे विद्यार्थी हाच गोंधळ घेऊन येतात. हातात धरून, उघडून, बोट फिरवून तो सोडवता यावा यासाठी बाजारात हाताचं मॉडेल मिळतं: खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत, पीव्हीसीचं, हातानं रंगवलेलं, स्टँडवर उभं. मुख्य हात आणि त्यावरून निघणारे पाच तुकडे, असे सहा भाग. खांद्यावरचा डेल्टॉइड, दंडाच्या पुढचा बायसेप्स, मागचा ट्रायसेप्स हे तीन तुकडे. चौथा पुढच्या बाहूवरचा ब्रॅकिओरेडियालिस आणि त्याला चिकटलेला मनगट मागे उचलणारा स्नायू. पाचवा पामारिस लाँगस आणि फ्लेक्सर कार्पी रेडियालिस या मनगट पुढे वाकवणाऱ्या स्नायूंची जोडी. हा नमुना बरेच उत्पादक बनवतात आणि एकमेकांचा साचा उचलतातही. म्हणून इथे परीक्षण कंपनीचं नाही, नमुन्याचं आहे. समोर आलेला नग तपासायचा कसा, हेही सोबत आहे, कारण एकाच साच्यातून निघालेल्या दोन हातांवर रंगारी वेगळे असले की नर्व्हही वेगवेगळ्या वाटांनी जातात.

निकाल आधीच सांगून टाकतो. स्नायू उत्तम. धमन्या चांगल्या. नर्व्ह मोठ्या वाटेवर बरोबर, फांद्यांवर अपुऱ्या. शिरा जवळजवळ नाहीत. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागानं हे मॉडेल जरूर घ्यावं. रक्त काढायला किंवा सलाइन लावायला शिकवणाऱ्यांना एवढ्यावर भागणार नाही. डायलिसिस टेक्निशियनच्या वर्गासाठी तर घेऊच नका. कारण पुढे येईल.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा: माप. हेच मॉडेल पूर्ण आकारात मिळतं आणि पाऊण आकारातही. पाऊण आकाराचं स्वस्त पडतं, कपाटात बसतं आणि दिसायला तितकंच देखणं असतं. पण हाताच्या शरीररचनेतली अर्धी कामाची माहिती सेंटिमीटरमध्ये असते. ॲक्सिलरी नर्व्ह खांद्याच्या टोकाच्या हाडापासून, म्हणजे ॲक्रोमियनपासून, साधारण ५ ते ७ सेंमी खाली डेल्टॉइडच्या आतून आडवी जाते. पाऊण मापाच्या हातावर ती ४ ते ५ सेंमीवर दिसेल. दंडावर इंजेक्शन द्यायला शिकणारी मुलगी ते अंतर डोळ्यात साठवून वॉर्डात गेली, तर शिकलेलंच तिला चुकवेल. शिकवण्यासाठी घेत असाल तर पूर्ण आकाराचंच घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर दोन लहानांऐवजी एक मोठं घ्या. सांगाडा आधीच असेल तर उजवा की डावा हेही त्याच्याशी जुळवा.

आता उघडायला घेऊ. पहिला तुकडा डेल्टॉइडचा. तो काढल्यावर ह्यूमरसच्या, म्हणजे दंडाच्या हाडाच्या, मानेला मागून वळसा घालून पुढे येणारी पिवळी नर्व्ह आणि तिच्याबरोबरची लाल धमनी दिसायला हवी. ही ॲक्सिलरी नर्व्ह आणि पोस्टीरियर सर्कमफ्लेक्स ह्यूमरल आर्टरी. खांदा निखळला किंवा ह्यूमरस मानेशी मोडला की पहिली काळजी हिचीच असते. मोजपट्टी लावा. पूर्ण आकाराच्या नगात अंतर ५ ते ७ सेंमीच्या आत बसलं तर रंगाऱ्यानं काम नीट केलंय. इंजेक्शनची जागा ॲक्रोमियनखाली दोन ते तीन बोटं, म्हणजे साधारण २.५ ते ५ सेंमी. डेल्टॉइडचा तुकडा परत बसवून त्यावर बोटं ठेवायची आणि तो काढून नर्व्ह कुठे आहे ते पाहायचं, हे या मॉडेलवर फार छान दाखवता येतं. फार वर टोचलं तर सुई सांध्याच्या पिशवीत, फार खाली गेली तर नर्व्हच्या वाटेवर. एवढ्या एका धड्यासाठी नर्सिंगच्या वर्गाला डेल्टॉइड सुटा होणारं मॉडेलच हवं, अखंड नको.

काखेत मात्र निराशा होते. हात खांद्याशी कापलेला असल्यामुळे ब्रॅकियल प्लेक्ससचा, म्हणजे हाताच्या नर्व्ह जिथून निघतात त्या जाळ्याचा, फक्त शेवटचा भाग दिसतो. मानेतून निघणारी सी५ ते टी१ ही पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, सहा फाटे, यातलं काही नाही. कापलेल्या तोंडाशी तीन पिवळी टोकं दिसतात, तीच तीन कॉर्ड. त्यांची नावं लॅटरल (बाहेरची, अंगठ्याकडची), मीडियल (आतली, करंगळीकडची) आणि पोस्टीरियर (मागची) अशी. ती ॲक्सिलरी आर्टरीच्या दुसऱ्या भागाच्या कोणत्या बाजूला आहेत त्यावरून पडलेली. धमनीचे भाग ठरतात पेक्टोरालिस मायनर स्नायूवरून, आणि तो स्नायू या मॉडेलमध्ये नाहीच. म्हणजे नावं पाठ करायची, पण ती कशावरून पडली ते दिसत नाही.

तरी एक खूण तपासा. काखेखालीच धमनीच्या पुढे पिवळ्या रंगात इंग्रजी एम अक्षर दिसलं पाहिजे. एमचा अंगठ्याकडचा पाय मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, करंगळीकडचा पाय अल्नर नर्व्ह आणि मधला टोकदार भाग मीडियन नर्व्ह, जी लॅटरल आणि मीडियल अशा दोन्ही कॉर्डमधून एकेक मूळ घेऊन बनते. हलक्या नगांत मीडियन एकाच कॉर्डमधून निघालेली रंगवतात. तसं असेल तर तो हात परत करा. इथे चूक असेल तर पुढे अर्धा विषय चुकतो.

प्लेक्ससची ही उणीव दहा नाड्यांनी भरून काढता येते. पायजम्याचा नाडा जाडीला अगदी योग्य असतो. पाऊण मीटरचे पाच पांढरे आणि पाच गडद तुकडे घ्या. प्रत्येक मुळासाठी एक पांढरा आणि एक गडद अशी जोडी फळीवर खिळ्याला बांधा. वरपासून सी५, सी६, सी७, सी८, टी१. वरच्या दोन जोड्या एकत्र केल्या की अप्पर ट्रंक, मधली एकटी मिडल, खालच्या दोन मिळून लोअर. आता पांढरे पुढे, गडद मागे. पाचही गडद एकत्र आले की पोस्टीरियर कॉर्ड तयार. वरचे तीन पांढरे म्हणजे लॅटरल कॉर्ड, खालचे दोन म्हणजे मीडियल. लॅटरलमधले सी५, सी६ मस्क्युलोक्युटेनियसकडे न्या, सी७ मीडियनकडे. मीडियलमधला सी८ मीडियनला द्या, टी१ अल्नरला. गडद नाड्यांतले दोन ॲक्सिलरी, उरलेले तीन रेडियल. खऱ्या शरीरात रेडियलमध्ये सी५, सी६ चेही तंतू असतात आणि अल्नरमध्ये सी८ चेही, पण नाडा उभा चिरता येत नाही, तेवढी तडजोड करावी लागते. मॉडेलच्या शेजारी ही फळी ठेवली की एम कुठून आला ते एका तासात समजतं. बाळंतपणात बाळाचं डोकं आणि खांदा ताणले जाऊन सी५, सी६ दुखावले की हात कसा लोंबतो, तेही वरचे दोन नाडे सोडून दाखवता येतं.

दंडाचा पुढचा भाग या मॉडेलचा सर्वांत समाधानकारक. बायसेप्सचा तुकडा काढला की खालच्या ब्रॅकियालिस स्नायूवर पडलेली मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह दिसते. ती वर कोराकोब्रॅकियालिस स्नायूला भोक पाडून आलेली असते. ते भोक दाखवलंय की नर्व्ह नुसती वरून रंगवली आहे ते पाहा. मग ब्रॅकियल आर्टरीवर बोट ठेवून काखेपासून कोपरापर्यंत खाली या. मीडियन नर्व्ह वरच्या अर्ध्यात धमनीच्या अंगठ्याकडच्या बाजूला असते, दंडाच्या मध्यावर धमनी ओलांडते, बहुधा पुढून, आणि कोपराशी करंगळीकडच्या बाजूला येते. हे ओलांडणं इतकं सोपं आहे की बोटानं सहज जाणवतं, आणि तरीही बाजारातल्या बऱ्याच हातांवर नर्व्ह सुरुवातीपासून शेवटपर्यंत धमनीच्या एकाच बाजूला सरळ काढलेली असते. अल्नर नर्व्हही मध्यावरच वाट बदलते: मीडियल इंटरमस्क्युलर सेप्टम (स्नायूंमधला पडदा) भेदून मागे जाते, सुपीरियर अल्नर कोलॅटरल आर्टरीला सोबत घेऊन, आणि मीडियल एपिकॉन्डाइलच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या, मागून कोपर ओलांडते. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत जो करंट जातो तो याच ठिकाणचा. मॉडेलवर नर्व्ह एपिकॉन्डाइलच्या मागे आहे का, हे हाताला वळसा देऊन पाहा. समोरून पाहिलं की सगळेच हात बरोबर वाटतात.

कोपराच्या खोलगट भागात करंगळीकडून अंगठ्याकडे क्रम असा: मीडियन नर्व्ह, ब्रॅकियल आर्टरी, बायसेप्सची टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी). रेडियल नर्व्ह आणखी बाहेर, ब्रॅकिओरेडियालिसच्या आड. रक्तदाब घेताना स्टेथोस्कोप टेंडनच्या करंगळीकडच्या बाजूला का ठेवायचा, ते इथे डोळ्यांना दिसतं. आणि इथेच या मॉडेलचा सर्वांत नाजूक तुकडा आहे. बायसेप्सच्या टेंडनपासून करंगळीकडे तिरका पसरणारा एक पातळ पडदा असतो, बायसिपिटल ॲपोन्यूरोसिस. मॉडेलमध्ये तो बायसेप्सच्या तुकड्याला जोडलेली दोन-अडीच मिलिमीटर जाडीची पांढरी जीभ असते. वर्गात सर्वांत आधी तुटते ती हीच. खऱ्या हातात मात्र या पडद्याचं काम मोठं आहे. रक्त काढायची मीडियन क्युबिटल शीर पडद्याच्या वर, धमनी आणि मीडियन नर्व्ह पडद्याच्या खाली. पूर्वी शिरेतून रक्त सोडून उपचार करत, त्या काळात या पडद्याला ‘देवाची कृपा’ म्हणत, कारण घसरलेलं पातं तो अडवायचा.

जीभ तुटण्याचं कारण बहुतेकदा जोडणीचा चुकलेला क्रम. बायसेप्सची टेंडन ब्रॅकिओरेडियालिस आणि प्रोनेटर टेरिस या स्नायूंच्या मधून खोल जाते. ब्रॅकिओरेडियालिसचा तुकडा आधी बसवला की बायसेप्स वरून दाबून घुसवावा लागतो आणि जीभ दुमडून मोडते. क्रम असा ठेवा: आधी ट्रायसेप्स, मग बायसेप्स, मग ब्रॅकिओरेडियालिस, मग पामारिसची जोडी, सर्वांत शेवटी डेल्टॉइड, कारण त्याच्या कडा बायसेप्स आणि ट्रायसेप्स दोघांच्याही वर बसतात. काढताना बरोबर उलटं. हा क्रम स्टँडवर चिकटवून ठेवा. तुकडे चुंबकानं बसतात की खुंटीनं, हेही विचारा. खुंटीचे तुकडे घट्ट बसतात, पण तिरकं ओढलं की खुंटी मुळाशी मोडते. चुंबकाचे तुकडे जास्त टिकतात, फक्त हात आडवा केला की गळून पडतात.

आता शिरा. मॉडेल त्वचा आणि चरबी काढल्यानंतरचा हात दाखवतं, आणि हाताच्या कामाच्या शिरा त्या चरबीतच असतात. म्हणून सिफॅलिक शीर डेल्टॉइड आणि पेक्टोरालिस मेजरच्या मधल्या खाचेत निळ्या रेघेसारखी थोडी दिसते, बॅसिलिकचा दंडातला तुकडा दिसतो, आणि मीडियन क्युबिटल नाहीच. रक्त काढायला शिकवण्यासाठी हा हात घेणाऱ्यांची इथे मोठी फसगत होते. डायलिसिससाठी तर मनगटाशी रेडियल आर्टरीला सिफॅलिक शीर जोडून फिस्टुला करतात. १९६६ मध्ये ब्रेशिया आणि चिमिनो यांनी सांगितलेली ही पद्धत आजही पहिली पसंती आहे. ज्या हातावर पुढच्या बाहूत सिफॅलिकच नाही, त्यावर फिस्टुला शिकवणार कसा?

उपाय म्हणून निळा जाड सुती दोरा घ्या, साधारण दोन मीटर. अंगठ्याच्या मुळामागच्या खोबणीपासून सुरू करा, मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेनं वर, कोपराच्या बाहेरच्या बाजूनं, बायसेप्सच्या बाहेरून खांद्याच्या खाचेपर्यंत: ही सिफॅलिक. दुसरा दोरा हाताच्या पाठीच्या करंगळीकडच्या बाजूनं निघून कोपराच्या आतल्या बाजूनं वर: ही बॅसिलिक. ती दंडाच्या मध्याजवळ खोल पडद्याच्या आत शिरते, तिथे दोरा बायसेप्सच्या आतल्या कडेखाली सारा. कोपराखाली सिफॅलिकपासून तिरका वर बॅसिलिककडे जाणारा तुकडा म्हणजे मीडियन क्युबिटल. आता पिवळ्या दोऱ्यानं दोन नर्व्ह दाखवा. बॅसिलिकच्या बरोबर मीडियल क्युटेनियस नर्व्ह ऑफ फोरआर्म, आणि मनगटाशी सिफॅलिकच्या अंगावरून जाणारी रेडियलची सुपरफिशियल फांदी. कोपरात रक्त काढताना करंगळीकडच्या शिरेत जाणं का टाळायचं आणि मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला कॅन्युला का टाळायचा, हे या दोऱ्यांत कळतं. तिथे झालेली इजा महिनोन्‌महिने हात जाळते. चिकटपट्टी मात्र वापरू नका. काढताना रंग सोलते. दोरा स्नायूंच्या खाचांत अडकवा.

झडपा तर कोणत्याच प्लास्टिकच्या हातात येत नाहीत. त्यासाठी जिवंत हात हवा. दंडावर टुर्निके, म्हणजे आवळपट्टा, बांधा, पुढच्या बाहूवरची एक फुगलेली शीर निवडा, एका बोटानं दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून वरच्या दिशेनं रक्त सारत पुढच्या फुगवट्यापर्यंत न्या. वरचं बोट उचललं तरी मधला भाग रिकामाच राहतो. खालचं उचललं की लगेच भरतो. विल्यम हार्वेनं १६२८ मध्ये रक्ताभिसरण पटवून देताना हाच प्रयोग दाखवला होता. दोन मिनिटांचं काम आहे, आणि टुर्निके लगेच सोडायचा.

मागची बाजू. ट्रायसेप्सचा तुकडा काढला की ह्यूमरसवरून तिरकी खाली येणारी रेडियल नर्व्ह आणि तिच्या सोबत प्रोफुंडा ब्रॅकाय आर्टरी. ट्रायसेप्सच्या लॅटरल आणि मीडियल डोक्यांच्या, म्हणजे स्नायूच्या सुरुवातीच्या फाट्यांच्या, मधून ती वाट जाते. पुढे नर्व्ह लॅटरल एपिकॉन्डाइलच्या सुमारे १० सेंमी वर लॅटरल सेप्टम भेदून पुढच्या बाजूला येते. मोजपट्टी इथेही लावा. ह्यूमरस मधोमध मोडला की हीच नर्व्ह सापडते, मनगट खाली लोंबतं. पण त्याच रुग्णाला कोपर सरळ करता येतं, आणि ते का, हे हे मॉडेल सांगू शकत नाही. ट्रायसेप्सला जाणाऱ्या बहुतेक फांद्या या खाचेच्या वरच, काखेजवळ निघतात, म्हणून त्या वाचतात. मॉडेलवर एकही फांदी नाही. रेडियल नर्व्ह खांद्यापासून कोपरापर्यंत नळासारखी अखंड जाते. स्नायूंच्या फांद्यांचा अभाव ही या नमुन्याची सर्वांत मोठी उणीव. फिजिओथेरपीवाल्यांना नर्व्ह कुठे दुखावली हे ओळखायचं असतं, आणि ते फांदी कुठे निघते यावरच अवलंबून असतं.

चौथा तुकडा काढल्यावर कोपराच्या बाहेरच्या बाजूला रेडियल नर्व्हचे दोन फाटे दिसतात. वरवरचा फाटा रेडियल आर्टरीच्या बाहेरच्या अंगानं खाली उतरतो आणि मनगटाच्या ७ ते ९ सेंमी वर मागे वळतो. खोल फाटा सुपिनेटर स्नायूत शिरतो. तो मागच्या बाजूला पुन्हा बाहेर आलेला दिसतो का? पिवळा रंग सुपिनेटरपाशी संपत असेल, तर बोटं सरळ करणाऱ्या स्नायूंना नर्व्ह मिळाली कुठून, हे विद्यार्थ्याला कळणारच नाही. चांगल्या नगात ती मागे पुन्हा दिसते.

पुढच्या बाहूत मोबाइलचा टॉर्च लागतो. मीडियन नर्व्ह प्रोनेटर टेरिसच्या दोन डोक्यांच्या मधून जाते, अल्नर आर्टरी खोल डोक्याच्याही खालून. म्हणजे दोघांमध्ये स्नायूचं एक डोकं येतं. हा भाग सुटा होत नाही, फटीतून उजेड टाकूनच दिसतो. त्यापुढे मीडियन फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिसखाली जाते आणि हा स्नायू मॉडेलमध्ये अचल आहे, म्हणून नर्व्ह थेट मनगटाच्या वर बाहेर पडलेली दिसते. तिची अँटीरियर इंटरऑसियस फांदी पूर्णपणे लपलेली. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी गोल करता न येणं हे त्या फांदीच्या दुखापतीचं लक्षण. ते शिकवायला चित्रच काढावं लागेल.

मनगट मात्र नीट बघून घ्या, कारण इथे सर्वाधिक चुका असतात. अंगठ्याकडून करंगळीकडे: रेडियल आर्टरी, फ्लेक्सर कार्पी रेडियालिसची टेंडन, मीडियन नर्व्ह, पामारिस लाँगसची टेंडन, मग अल्नर आर्टरी, अल्नर नर्व्ह, आणि शेवटी फ्लेक्सर कार्पी अल्नारिस पिसिफॉर्म हाडावर. अल्नर नर्व्ह धमनीपेक्षा करंगळीच्या जवळ असते. हे दोघं हलक्या नगांत हमखास अदलाबदल झालेले असतात. दुसरी चूक याहून गंभीर. मीडियन नर्व्ह फ्लेक्सर रेटिनॅक्युलमच्या, म्हणजे मनगटावरच्या आडव्या पट्ट्याच्या, खालून जाते, नऊ टेंडनच्या गर्दीत. अल्नर नर्व्ह आणि अल्नर आर्टरी त्याच्या वरून. काही हातांवर मीडियनही पट्ट्याच्या वरून रंगवलेली असते. मग कार्पल टनेल सिंड्रोम, म्हणजे या पट्ट्याखाली मीडियन दबण्याचा आजार, समजावणार कसा? तळहाताच्या मुळाची त्वचा मात्र त्यात बधिर होत नाही, कारण तिची फांदी मनगटाच्या आधी सुटून पट्ट्याच्या वरून जाते. ही फांदीही शोधा. बहुतेक मॉडेलांत नसते, असली तर विक्रेत्याला शाबासकी द्या.

तळहातावर दोन कमानी. वरची कमान मुख्यतः अल्नर आर्टरीची, अंगठा पूर्ण ताणला की त्याच्या खालच्या कडेच्या रेषेत. खोल कमान मुख्यतः रेडियलची, साधारण १ सेंमी मनगटाकडे, अल्नर नर्व्हच्या खोल फांदीच्या संगतीनं. या नमुन्यात वरची छान रंगवलेली असते, खोल कमानीचा तुकडा टेंडनच्या मधून जेमतेम डोकावतो. एक बारकावा जरूर तपासा: तळहातात धमनीची कमान नर्व्हच्या वर, म्हणजे त्वचेच्या जवळ. बोटात शिरल्यावर उलट, नर्व्ह तळव्याच्या बाजूला पुढे आणि धमनी तिच्या मागे. बोटाला खोल काप बसून धमनीतून रक्त येत असेल, तर नर्व्हही कापली गेली असणार असं का धरतात, ते या क्रमात आहे. चारही बोटांवर हे बरोबर रंगवलेला हात मिळाला तर तो रंगारी शरीररचना समजून रंगवणारा आहे; बाकी भागांवरही भरवसा ठेवायला हरकत नाही.

अंगठ्यामागच्या खोबणीत रेडियल आर्टरी स्कॅफॉइड आणि ट्रपेझियम या हाडांवरून मागे वळलेली दिसली पाहिजे. पुढे ती पहिल्या डॉर्सल इंटरऑसियस स्नायूच्या दोन डोक्यांतून तळहातात उतरते. इथे मॉडेल चोख आहे.

रंगांबद्दल एक इशारा. लाल धमनी, निळी शीर, पिवळी नर्व्ह ही सोय आहे, शरीर नाही. डिसेक्शन हॉलमध्ये तिन्ही मळकट, राखाडी-तपकिरी दिसतात. तिथे ओळखायचं बोटांनी: नर्व्ह भरीव दोरीसारखी, चिमटीत धरून फिरवली तरी चपटी होत नाही. धमनी पोकळ पण भिंत जाड, दाबून सोडली की पुन्हा गोल. शीर पातळ, चेपलेली, आत काळं साकळलेलं रक्त. मॉडेल पाहून लगेच शवाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे आधी सांगा, नाहीतर पहिल्या आठवड्यात बॅसिलिक शीर नर्व्ह म्हणून सोलली जाते. आणि प्रत्येक शव वेगळं असतं. काहींत रेडियल आर्टरी दंडातच वर फुटते, काहींत मीडियन नर्व्ह धमनीच्या मागून जाते, काहींत पुढच्या बाहूत मीडियनमधून अल्नरला एक दुवा जातो. हे प्रकार मॉडेलमध्ये नसणं हा दोष नाही. पण मॉडेलसारखं नाही म्हणून शवच चुकीचं वाटायला नको.

निगा सोपी आहे, पण एका चुकीला माफी नाही. पीव्हीसीवर बॉलपेनची शाई उमटली की ती आत मुरते आणि सहजासहजी जात नाही. नर्व्हवर खूण करायला कुणी पेन टेकवलं की तो हात डागाळला. दाखवण्यासाठी बांबूची गोल टोकाची काडी ठेवा. गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नका, छपाईची शाईही तशीच उतरते. पांढरं सुती कापड बरं. पुसायला कोमट पाण्यात साध्या साबणाचे थेंब. स्पिरिट, ॲसिटोन, थिनर यांपैकी काहीही लावलं तर रंग उतरतो, आणि हाताच्या मॉडेलमध्ये नर्व्ह म्हणजे रंगच आहे. उन्हात ठेवलं तर पिवळा रंग आधी फिका पडतो आणि नर्व्ह टेंडनसारख्या पांढुरक्या दिसू लागतात. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राहिलं तर पातळ तुकडे, विशेषतः पामारिसची जोडी, वाकतात. मग ते आपल्या खाचेत बसत नाहीत.

मागणी नोंदवताना कोटेशनमध्ये या गोष्टी लिहून घ्या: पूर्ण आकार, सहा भाग, उजवा किंवा डावा, स्टँड सोबत, क्रमांकांची यादी सोबत, आणि बायसेप्स व पामारिसचे सुटे तुकडे वेगळे मिळतील का. यादी इंग्रजी आणि लॅटिनमध्ये येते. क्रमांक हातावर छापलेले आहेत की चिकटवलेले, ते पाहा, चिकटवलेले वर्षभरात निघतात. माल आला की सही करण्याआधी दहा मिनिटं काढा आणि पाच ठिकाणं बघा: काखेतला एम, दंडाच्या मध्यावरचं ओलांडणं, कोपरामागची अल्नर, मनगटाच्या पट्ट्याखालची मीडियन, बोटातला नर्व्ह-धमनीचा क्रम. पाचांपैकी पहिली चार बरोबर असतील तर ठेवून घ्या. पाचवं चुकलं असेल तर ब्रशनं स्वतः दुरुस्त करता येतं. मॉडेल रंगवायच्या ॲक्रिलिक रंगाचा पातळ हात पीव्हीसीवर धरतो, फक्त आधी साबणानं तेलकटपणा घालवून पूर्ण सुकू द्या.